कांबळे, कॅम्पबेल आणि एक अर्ज



आम्ही कोठेही गेलो की लोक आमच्याकडे भाषण मागत नाहीत, कागद पुढे करतात. कुणाचे रेशनकार्ड, कुणाचा फंडाचा दावा, कुणाचा तहसीलमध्ये अडकलेला जातीचा दाखला. वीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाचा समाजाला उपयोग व्हायचा तो असाच, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीस एका रविवारी आम्ही दातिवऱ्यास गेलो, तेव्हाही तसेच झाले. सफाळ्याला गाडीतून उतरलो, एसटीने गावात पोहोचलो, ओळखीच्या घरी चहा झाला. पाचसहा कागद मार्गी लागल्यावर कोपऱ्यात बसलेला एक तरुण उठून पुढे आला. त्याच्या हातात नाव बदलण्याच्या अर्जाची प्रत होती. गॅझेटात छापून येते ना, तो अर्ज.

मुलगा तेवीस-चोवीसचा. आयटीआय झालेला फिटर, बोईसरच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे कामाला. वडील मूळचे सांगलीकडचे. तारापूरच्या कारखान्यांत कामाला म्हणून आले, दातिवऱ्याची मुलगी केली आणि इकडचेच झाले. घाटावरचे त्यांचे आडनाव असे या खाडीकाठी आले. आडनाव कांबळे. अर्जात जुन्या नावाची ओळ त्याने सुवाच्य अक्षरात भरली होती. नव्या नावाची ओळ कोरी होती.

"काका, कदम लावू की मोहिते, तेवढंच सांगा," तो म्हणाला.

आम्ही कारण विचारले. रात्रपाळी सुटली की सफाळ्यापर्यंत गाडी, पुढे एसटीची वाट, घरी येईतो दिवस वर आलेला, झोपेची पार वाट लागते. म्हणून बोईसरला खोली पाहत होता. एका ठिकाणी भाडे ठरले, अनामत ठरली, पाण्याची वेळही सांगून झाली. मग मालकाने कागदासाठी पूर्ण नाव विचारले. नाव सांगितल्यावर मालकाला एकाएकी आठवले, की खोली भाच्याला द्यायची आहे. दुसऱ्या ठिकाणीही भाचाच आला. तिसऱ्या ठिकाणी हा स्वतःच गेला नाही. हे सांगताना मुलगा हसत होता. ते हसू आम्हांला चांगले ओळखीचे आहे, वाचकांनाही असेल.

"आणि वर ही गावातली पोरं," तो पुढे म्हणाला. "दिल्लीची टेस्ट चालू होती ना, त्यात वेस्ट इंडीजचा तो ओपनर. कॉमेंट्रीवाले सारखे कॅम्बल, कॅम्बल करत होते. ही म्हणायला लागली, अरे, तुझा भाऊ सिक्स मारतोय बघ."

अंगणात हशा पिकला. आम्हीही हसलो. पण गोष्ट विचार करण्यासारखी होती. लिहिताना आपण कॅम्पबेल लिहितो, पण त्यातला 'प' साहेब गिळतो आणि उच्चार कॅम्बल असाच करतो. त्या कसोटीत जमेकाच्या जॉन कॅम्पबेलने ११५ धावा काढल्या, त्याचे कसोटीतले ते पहिले शतक. जमेकातल्या काळ्या माणसाला स्कॉटलंडमधले हे आडनाव कोठून आले? आणि ज्या गॅझेटासाठी हा मुलगा अर्ज भरत होता, त्याच्याच भावकीतल्या गॅझेटियर नावाच्या ग्रंथावर आमच्या जिल्ह्यासाठी ज्या साहेबाचे नाव आहे, तोही कॅम्पबेलच. आम्ही बी.कॉम. झालेले, इतिहास हा काही आमचा विषय नव्हे. पण एकाच नावाच्या दोन माणसांचा गोंधळ निस्तरण्यात आमची अर्धी नोकरी गेली आहे. एकदा एकाच नावाच्या, एकाच आद्याक्षराच्या दोन कामगारांपैकी एकाच्या ओव्हरटाइमचा फरक दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाला. चूक हिशेबखात्याला सापडली नाही. ज्याला पैसे जास्त आले, तोच दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन आमच्या टेबलापाशी उभा राहिला. तेव्हापासून सारख्या नावांचा आम्हांला नादच आहे. घरी येऊन त्या मुलासाठी जी पुस्तके चाळली, त्यातले थोडे येथे वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम गॅझेटियरवाले साहेब. सर जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल, मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी. इलाख्यातल्या प्रत्येक जिल्ह्याची नदी-नाले, पिके, बंदरे, जाती, देवळे, किल्ले अशी सगळी माहिती गोळा करून छापण्याचे काम सरकारने त्यांच्यावर सोपवले होते. ठाणे जिल्ह्याचे तेरावा आणि चौदावा हे खंड १८८२ साली निघाले. त्या काळी पालघर तालुका माहीमच्या नावाने ओळखला जाई, आणि आजचा पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ चा. वैतरणा समुद्राला मिळते त्या मुखाशी आपले दातिवरे. मुखाजवळच्या खाडीला नावही दातिवऱ्याचेच. हा सारा मुलूख साहेबांच्या खंडांत आहे. आमच्या पूर्वजांचेही वर्णन त्यात आहे, पण बाहेरून पाहिलेले. आमच्या आजोबा-पणजोबांना कुणी विचारून ते लिहिलेले नाही. पुढे १८९७ साली मुंबईत प्लेगचा कहर चालू असताना सरकारच्या प्लेग समितीचे अध्यक्षपदही याच साहेबांकडे आले. त्यांचे वडील जॉन मॅकलिऑड कॅम्पबेल हे स्कॉटलंडमधले धर्मोपदेशक. देवाची कृपा निवडक लोकांपुरती नसून सर्व माणसांसाठी आहे, असे ते चर्चमध्ये सांगू लागले. एवढ्यावरून १८३१ साली त्यांच्या चर्चने त्यांना पदावरून काढून टाकले! सर्वांसाठी म्हटले की कोठल्याही देशातल्या भटजीच्या पोटात दुखते.

कॅम्पबेल या शब्दाचा मूळ गेलिक भाषेतला अर्थ आहे वाकडे तोंड. कोण्या एका पूर्वजाचे तोंड वाकडे, म्हणून सगळ्या कुळाला ते नाव चिकटले. आणि आपल्याकडे कांबळे म्हणजे घोंगडे. थंडीत पांघरायचे, पावसात डोक्यावरून घ्यायचे. आता सांगा, दोहोंत नाव कुणाचे बरे?

याच आडनावाचा सर कॉलिन कॅम्पबेल हा १८५७ च्या बंडात इंग्रजी फौजेचा सरसेनापती होता. लखनौ त्याने परत घेतले. तो काही आमच्या गौरवाचा विषय नव्हे. पण त्याच्या आडनावाची कथा कारकुनांनी ऐकावी अशी आहे. तो जन्माने कॅम्पबेल नव्हताच. ग्लासगोच्या एका सुताराचा तो मुलगा, आडनाव मॅकलिव्हर. मामा लष्करात कर्नल, त्याचे नाव जॉन कॅम्पबेल. मामाने भाच्याला भरतीसाठी थेट सरसेनापतीपुढे नेले. सरसेनापतीने समजून घेतले की हाही कॅम्पबेलच, आणि यादीत तसेच नाव घातले. अशी ती हकिकत सांगतात. मुलाने चूक दुरुस्त केली नाही, पुढे ती कोणी करवलीही नाही, आणि सुताराचा मुलगा मरताना लॉर्ड होऊन मेला. आपल्याकडे 'कांबळे'चे 'काबळे' झाले तर दाखल्यासाठी सहा महिने हेलपाटे पडतात.

आता आडनाव लपवण्याची गोष्ट. ती फक्त आपल्याच नशिबी आहे असे त्या मुलाला वाटत होते. स्कॉटलंडमध्ये मॅकग्रेगर नावाचे एक कुळ होते. राजाची त्यांच्यावर इतराजी झाली आणि १६०३ साली त्याने ते आडनावच कायद्याने बंद केले. ते नाव लावील त्याला देहांताची शिक्षा. मध्यंतरी बंदी उठली, पुन्हा बसली, आणि कायमची गेली ती १७७४ साली. एवढ्या काळात त्या लोकांनी मिळतील ती आडनावे लावली, कॅम्पबेलही लावले. रॉब रॉय हा त्यांचा प्रसिद्ध बंडखोर. त्यानेही आईचे आडनाव घेऊन स्वतःला कॅम्पबेल म्हणवले. म्हणजे कॅम्पबेल हे काहींना दुसऱ्याचे पांघरूण म्हणून उपयोगी पडले.

पण त्याच नावाला दुसरीकडे दारे बंद होती. १६९२ च्या फेब्रुवारीत ग्लेन्को नावाच्या खोऱ्यात कॅम्पबेल आडनावाच्या कप्तानाचे सरकारी शिपाई मॅकडोनल्ड लोकांच्या घरी पाहुणे म्हणून उतरले, त्यांचे मीठ खाल्ले, आणि एका पहाटे यजमानांनाच कापून काढले. अडतीसच्या आसपास माणसे मारली गेली. त्या खोऱ्यातल्या एका जुन्या खानावळीत आजही पाटी आहे, की फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना येथे मज्जाव. आता ती गंमत म्हणून ठेवली आहे, पर्यटक तिचे फोटो काढतात आणि कॅम्पबेलही आत बसून खुशाल जेवतात. ही हकिकत आम्ही नंतर फोनवर त्या मुलाला सांगितली. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "काका, त्यांची पाटी तरी भिंतीवर आहे. बोईसरवाल्याची पाटी दिसत नाही."

राहिला जमेका. तेथे कॅम्पबेल आडनाव आपल्याकडच्या पाटलांसारखे सर्रास आहे. स्कॉटलंडमधून गेलेल्या मळेवाल्यांनी तेथे उसाचे मळे घातले, आणि आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना त्यावर गुलाम म्हणून राबवले. गुलामाचे स्वतःचे नाव मालकाच्या वहीत लिहीत नसत. मालकाचे किंवा मुकादमाचे आडनाव त्यांना चिकटले आणि गुलामगिरी संपल्यावरही राहिले. इंग्रजांच्या वसाहतींत ती १८३४ साली कायद्याने बंद झाली, प्रत्यक्ष मोकळीक १८३८ साली मिळाली. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. त्या मुक्त झालेल्यांनी आडनावाचे काय केले, इकडे मात्र आपले लक्ष जात नाही. अमेरिकेत माल्कम लिटल नावाच्या तरुणाने मालकाचे आडनाव टाकून दिले आणि त्याजागी नुसते 'एक्स' हे अक्षर लावले. आपले खरे नाव आपल्याला कळूच दिले नाही याची ती खूण. जमेकाकडच्या कॅम्पबेलांनी आडनाव टाकले नाही. त्यांनी ते वापरून वापरून आपले केले. लंडनमध्ये जमेकन आईच्या पोटी १९७० साली जन्मलेली नाओमी कॅम्पबेल जगातल्या सर्वांत नावाजलेल्या मॉडेलांपैकी एक झाली. बार्बाडोसचा शेर्विन कॅम्पबेल वेस्ट इंडीजकडून बावन्न कसोटी सामने खेळला. आज सर्वसामान्य माणसाला कॅम्पबेल म्हटले की तो मळेवाला आठवत नाही.

दोन्ही रस्ते त्या मुलापुढे ठेवले. त्याने बिनतोड प्रश्न केला. "हे सगळे साहेब झाले. आमच्या कांबळ्यांत कोण आहे?"

खरे सांगायचे तर याचा आम्हांला जरा रागच आला. त्याच्यावर नव्हे, स्वतःवर. आमच्या पिढीने आपल्या मुलांना बाबासाहेब सांगितले, फुले-शाहू सांगितले, पण शेजारच्या घरातली माणसे सांगितली नाहीत.

कोल्हापूरचे गंगाराम कांबळे घ्या. शाहू महाराजांच्या राजवाड्यात पागेवर नोकर. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून वाड्यातल्याच इतर नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज त्या वेळी परगावी होते. परतल्यावर गंगारामने जाऊन पाठ दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामला म्हणाले की ही चाकरी सोड, स्वतःचा धंदा कर, पैसे मी देतो. गंगारामने कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचे दुकान काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तर रोज महाराजांची गाडी त्या दुकानापुढे थांबू लागली. महाराज स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या ब्राह्मण-मराठा मंडळींच्याही हातात कप देत. छत्रपतीपुढे नाही म्हणायची कुणाची छाती? ही कथा आपण नेहमी महाराजांची म्हणून सांगतो, आणि ती त्यांची आहेच. पण त्या दुकानात पहाटे उठून चूल पेटवणारा, गिऱ्हाईक येवो न येवो दूध तापवत ठेवणारा माणूस कांबळे होता. मार खाऊन गप्प न बसता राजापुढे जाऊन पाठ उघडी करायलाही काळीज लागते. महाराज १९२२ साली गेले. नंतर कोल्हापुरात त्यांचे स्मारक व्हावे म्हणून जे पुढे झाले, त्यांत हेच गंगाराम कांबळे होते.

त्यांच्याही आधीचे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. महारांची लष्करभरती बंद झाली होती. ती पुन्हा सुरू करा, पोलिसांत घ्या, शाळा उघडा, या मागण्यांसाठी त्यांनी १९०३ साली सासवडला एक्कावन्न गावच्या महारांची सभा भरवली. बाबासाहेब तेव्हा शाळकरी विद्यार्थी होते. १९०८ साली शिवराम जानबांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले, आणि मुली खंडोबाला मुरळी म्हणून सोडण्याच्या चालीविरुद्ध त्यातून मोहीम चालवली. १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभापाशी सभा झाली, तीत बाबासाहेबांना बोलावून आणण्यात पुढाकार त्यांचाच. दरवर्षी तेथे लाखो लोक जातात. त्यांतल्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल?

बापू चंद्रसेन कांबळे, म्हणजे आपले बी. सी. कांबळे, वकील. १९५७ साली कोपरगावातून आणि १९७७ साली मुंबईतून लोकसभेवर गेले, आणि बाबासाहेबांचे चरित्र त्यांनी खंडामागून खंड लिहून काढले. उत्तम कांबळे लहानपणी वृत्तपत्रे विकत. मोठे होऊन ते वृत्तपत्राचे संपादक झाले आणि २०१० साली ठाण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. त्या वेळी दातिवरे ठाणे जिल्ह्यातच होते, म्हणजे संमेलन आपल्याच जिल्ह्यात झाले म्हणायचे! पुण्याचे मिलिंद कांबळे यांनी २००५ साली दलित उद्योजकांची संघटना उभी केली आणि २०१३ साली पद्मश्री मिळवली. खोली भाड्याने घेण्याच्या नव्हे, कारखाने काढण्याच्या गोष्टी ते करतात.

पण आमचे मन अडकले ते दोन बायांपाशी. एक शांताबाई कांबळे, दुसऱ्या बेबीताई कांबळे. दोघींची आत्मकथने १९८६ साली पुस्तकरूपाने आली, त्यामुळे आमच्या ओळखीचे शिकलेसवरलेले लोकही एकीचे पुस्तक दुसरीच्या नावावर सांगतात. तेव्हा एकदा नीट ध्यानात ठेवू. 'माज्या जल्माची चित्तरकथा' शांताबाईंचे. त्या सोलापूर जिल्ह्यातल्या महूदच्या. शिक्षिका झाल्या, निवृत्त झाल्यावर लिहिले. दूरदर्शनवर 'नाजुका' मालिका लागायची, ती त्यांच्याच पुस्तकावरची. जुन्या वाचकांना ती आठवत असेल. दलित पँथरचे अरुण कांबळे हे त्यांचे चिरंजीव. मुलगा २००९ साली गेला. शांताबाई मात्र शंभरीच्या उंबरठ्यावर पोहोचून २०२३ च्या जानेवारीत गेल्या. आणि 'जिणं आमुचं' बेबीताईंचे. त्यांचे फलटणला किराणा दुकान. माल बांधायला रद्दी येई, ती त्या पुडी बांधण्याआधी वाचून काढीत. त्यातूनच लिहायची उमेद आली. लिहिलेले कागद वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. २०१२ साली त्या वारल्या. दुकानाच्या गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकाला साखर तोलून देता देता समाजाचा इतिहास लिहिणारी ही बाई कोठल्या गॅझेटियरवाल्या साहेबाला भेटली नाही, ते बरेच झाले. तिने आतून लिहिले.

आणि गंमत पाहा, या दोघीही जन्माच्या कांबळे नव्हेत. शांताबाई माहेरच्या बाबर, नाव नाजा. बेबीताई माहेरच्या काकडे. लग्न झाले आणि दोघी कांबळे झाल्या.

हे आम्ही त्या दिवशी अंगणात बोलून गेलो, तेव्हा मुलाची आई दारात तांदूळ निवडत बसली होती. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. सूप खाली ठेवून म्हणाली, "भाऊ, माझं नाव बदललं तेव्हा मला कुनी अर्ज दिला नव्हता. आडनाव गेलं, नावही सासूनं बदललं. याला निदान विचारायला गॅझेट तरी आहे." सगळे हसले. ती हसली नाही. ती दातिवऱ्यातच जन्मली, दातिवऱ्यातच राहिली, पण माहेरच्या नावाने हाक मारणारे आता गावात दोघे-तिघेच उरले आहेत, असे तिने सांगितले.

मुलाजवळ शेवटचा पत्ता राखून ठेवलेला होता. तो त्याने आता टाकला. "काका, बाबासाहेबांचं घराणं सकपाळ. गाव आंबडवे. शाळेत नाव लागलं आंबेडकर. मग मी कदम लावलं तर काय बिघडलं?"

यावर आम्हांला एकदम उत्तर सुचले नाही, हे कबूल करतो. नोंद खरी आहे. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला भिवा रामजी आंबेडकर असेच नाव आहे. आम्ही एवढेच म्हणालो, की आंबेडकर हे नाव त्या दिवशी कुणालाही ठाऊक नव्हते. ते लावल्याने कुणाला खोली मिळत नव्हती. पुढे बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला मोठ्या पगाराच्या नोकरीवर गेले, तेव्हा त्यांनाही राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आपली ओळख लपवून राहावे लागले आणि ओळख कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. आडनाव नवे असून उपयोग झाला नाही, कारण विचारणारा आडनाव विचारतच नव्हता.

"म्हणजे कदम लावूनही तो विचारणारच, कुठले कदम?" मुलगा म्हणाला.

"विचारील," आम्ही म्हणालो. "कदमांतही आपले आहेत, मराठ्यांतही आहेत. कांबळेही एका जातीत कोठे आहेत? महारांत आहेत, मांगांत आहेत, चांभारांत आहेत. त्याला आडनावातून जे काढायचे ते निघाले नाही, तर गाव विचारील, देव विचारील, लग्नपत्रिका मागील."

"पण पहिल्या फटक्यात तरी नाही ना कळणार."

यालाही उत्तर नव्हते. पहिल्या फटक्याचे मोल, ज्याला रात्रपाळीनंतर दोन तास झोप जास्त मिळणार आहे, त्यालाच कळते. आम्ही पालघरला स्वतःच्या घरात राहतो. आम्हांला उपदेश करायला काय जाते?

म्हणून आम्ही आम्हांला येते तेच केले. कागदाच्या मागच्या बाजूला यादी करून दिली. नाव बदलणे हा तुझा हक्क आहे, त्यात लाज नाही. पण दाखल्यांवर कांबळे, आधारवर कदम असे दोन दगडांवर पाय ठेवून चालत नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणि आयटीआयचे प्रमाणपत्र जुन्याच नावाचे राहील, त्याला प्रत्येक वेळी गॅझेटची प्रत जोडावी लागेल. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेव. आधार, पॅन, बँक, फंडाचे खाते, सगळीकडे एकदमच बदल कर. फंडाचे तर आधी कर, नाहीतर पैसे काढायच्या वेळी नाव जुळत नाही म्हणून दावा परत येतो. असे दावे आम्ही पोत्याने पाहिले आहेत. जातीच्या दाखल्याची पडताळणी अजून केलेली नाहीस, ती आधी कांबळे या नावानेच करून घे, कारण पुरावे वडिलांचे आणि आजोबांचे लागतात आणि ते सगळे सांगलीकडे त्याच नावाचे आहेत. उद्या तुझ्या मुलाला तो दाखला लागेल. हे सगळे उरकल्यावर अर्ज भर.

त्याने यादी दोनदा वाचली. मग विचारले, "पडताळणीला किती दिवस लागतील?"

आम्ही म्हणालो, कागद पुरे असतील तर काही महिने.

"तोवर कांबळेच," तो म्हणाला आणि अर्जाची घडी घालून त्याने आमच्याकडेच दिली. घरी ठेवला तर आई चुलीत घालील, असे हळूच सांगितले. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी त्याला एक दिवस सांगलीला जावे लागणार आहे. वडिलांच्या गावी तो पूर्वी एकदाच गेला होता, तेही लहानपणी. या खेपेला आई बरोबर जाणार आहे. निघताना त्याने आमच्याकडून 'जिणं आमुचं' वाचायला मागून घेतले. गाडीत वाचतो म्हणाला.

बोईसरला खोली अजून मिळालेली नाही. वाचकांपैकी कुणाच्या चाळीत रिकामी असेल, तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर आम्हांला कळवावे. मुलगा निर्व्यसनी आहे, भाडे वेळेवर देईल. आडनाव वर लिहिलेच आहे.